डिकीवरचा हात

महादूच्या गाडीला स्पॉयलर बसवायची कल्पना चंद्राची. पण ती आपली आहे हे तिनं कुणाला कळू दिलं नव्हतं. भाऊबीजेला तिचा भाऊ रामनाथ आला तो काखोटीला पुठ्ठ्यात बांधलेलं लांबलचक काहीतरी घेऊनच. रामनाथ कल्याणला गाड्यांच्या सीटकव्हरच्या दुकानात कामाला होता. ओवाळून झाल्यावर त्यानं पुठ्ठा सोडला, तर आतून निघालं काळंभोर, तकतकीत, दोन आखूड पायांवर उभं राहणारं पंख्यासारखं एक पातं.

"दाजी, तुमच्या गारीला आनलाय. मुंबईला आता समदीच लावतान," रामनाथ म्हणाला.

"गारी काय म्हैस हाय, शेपूट लावाला?" महादूची आई आनंदीबाई म्हणाली. म्हातारीची जीभ अशी, उचलली की लागली टाळ्याला.

महादू हसला. त्याला ते आवडलं होतं, हे तो पातं ज्या तऱ्हेनं दोन्ही हातांत तोलून बघत होता त्यावरूनच कळत होतं. चंद्रा ओवाळणीचं ताट घेऊन गुपचूप आत गेली. तिला गाडीच्या रूपाशी काही देणंघेणं नव्हतं. तिला डिकीवरचा हात झाकायचा होता.

तो हात तिच्या सवतीचा. तुळजाचा.

गाडी म्हणजे गडद निळी मारुती, मागे डिकीवाली. महादू भिवंडीत मोहिउद्दीन शेठकडे ड्रायव्हर होता. शेठनं नवी गाडी घेतली तेव्हा जुनी बाहेर कुणाला न विकता महादूच्याच हाती दिली. महादूच्या गावी, वळगावात, ती आली तेव्हा अख्खी आळी बघायला लोटली होती म्हणतात. नवीजुनी कशीही असो, दारात गाडी आली की घरच्या बाईनं तिची पूजा करायची आणि तेलात कुंकू कालवून तिच्यावर आपल्या उजव्या हाताचा ठसा उठवायचा, ही या गावची रीत. तुळजानं डिकीच्या उजव्या अंगाला ठसा उठवला. चार बोटं पुरी आणि करंगळी अर्धी, कारण करंगळीचं पेर तिनं लग्नाआधी कारखान्यात यंत्रमागाच्या, लूमच्या पट्ट्यात घालवलं होतं.

वर्ष फिरलं नाही तोच तुळजा गेली. काविळीचं निमित्त झालं. ठाण्याच्या इस्पितळात नेताना मानकोलीच्या नाक्यावर ट्रकांची रांग लागली होती. त्या रांगेतच, याच गाडीच्या मागच्या सीटवर, तिनं मान टाकली. ही गोष्ट चंद्राला घरच्यांनी सांगितली नाही. शेजारच्या ठकुबाईनं सांगितली, आणि तीही केव्हा, तर चंद्रा लग्न होऊन त्याच मागच्या सीटवर बसून या घरात आल्यानंतर.

पुढच्या सीटवर आनंदीबाई बसायची. मग उरली ती मागची. चंद्रा दाराला चिकटून बसे, मधली जागा मोकळी सोडून. जणू तिथं कुणी आडवं झालंय आणि त्याच्या अंगावर आपला पदर पडायला नको.

तसं तिला कुणी जाच करत नव्हतं. म्हातारी तोंडाळ होती, पण हाताला चव आहे म्हणून सुनेचं गावभर सांगायची. महादू तर हू की चू करत नसे. तो तिला नावानं हाक मारत नव्हता एवढंच. 'अगो', 'ऐकलास का', यावर सगळा संसार चालला होता. पण घरात जिकडे बघावं तिकडे तुळजा. डब्यांवर तिनं चिकटवलेली फुलं, चुलीशेजारी तिनं सारवलेला कोनाडा, आणि चंद्राच्या स्वतःच्या गळ्यात तिच्याच नावाचा चांदीचा टाक, कारण दुसरेपणाच्या बाईनं पहिलीला अशी गळ्यात वागवायचीच असते. या घरात आपली म्हणून एक तरी खूण आहे का, असं चंद्रा स्वतःला विचारायची आणि उत्तर नाही असं यायचं. ती नांदायला आली तेव्हा गाडी दारात होतीच. तिला कोण म्हणणार होतं, ठसा उठव म्हणून?

कुंकवाचा रंग तर केव्हाच पावसानं धुऊन नेला होता. उन्हात सबंध डिकी कोरी दिसायची. पण थंडी पडू लागली आणि चंद्रा पहाटे सडा घालायला बाहेर आली, तेव्हा तिच्या हातातली बादली हिंदकळली. रात्रभर पडलेल्या दवानं सारी गाडी पांढुरकी झाली होती, आणि त्या पांढुरक्यात एक हात निळाशार उघडा पडला होता. चार बोटं पुरी, एक अर्धं. आतून कुणी बाहेर यायला डिकी ढकलतंय तसा.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशीही. ऊन वर आलं की हात जायचा, आणि दव पडलं की यायचा.

मग महादू फडकं घेऊन बाहेर यायचा आणि गाडी पुसायचा. काच, टप, दरवाजे. डिकीशी आला की त्याचं फडकं हाताच्या भोवतीनं फिरायचं आणि हात तसाच राहायचा, तो उन्हानं आपोआप जाईपर्यंत. चंद्रा स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायची. भीती होतीच, पण भीतीच्या खाली जी जळजळ होती ती निराळी. जिवंत बाईशी भांडता येतं, हिच्याशी काय करायचं?

म्हणून तिनं रामनाथला निरोप धाडला होता.

आता रविवारी महादूनं अंगणात चटई अंथरली आणि स्पॉयलरचं काम काढलं. रामनाथनं सांगितलं होतं, डिकीला भोकं पाडा आणि आतून बोल्ट आवळा. महादू म्हणाला, "भोक पाडाचा न्हाय. पत्रा गंजतो." पत्रा गंजतो हे खरंच होतं. पण ते म्हणताना त्याची नजर कुठं गेली ते चंद्रानं पाहिलं होतं.

मग दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी वापरायची ठरली. महादूनं डिकी साबणानं धुतली, दोरीनं दोन्हीकडचं अंतर मोजलं, खडूच्या खुणा केल्या. स्पॉयलरच्या पायांना पट्टी लावली, वरचा कागद सोलला आणि श्वास रोखून, चंद्राला एक टोक धरायला लावून, ते पातं खुणेवर ठेवलं. डावा पाय कोऱ्या पत्र्यावर टेकला. उजवा पाय टेकला तो बरोबर तिथं, जिथं दवात तळहात दिसतो. चंद्रानं टोक जरा जास्तच जोरानं दाबलं.

वरून दोरी आवळून बांधली. "उद्यापरत हात लावू नका," महादूनं बजावलं.

सकाळी दोरी सोडली. डावा पाय घट्ट होता. उजवा सुटून वर आला होता.

महादूनं नवी पट्टी लावली. पुन्हा धुतलं, पुन्हा दाबलं, पुन्हा बांधलं. या खेपेला सकाळी पाय बसलेला दिसला. त्याच दिवशी तिघं कोनला बारशाला निघाली. गाव सोडून गाडीनं वेग घेतला आणि चंद्राच्या मानेमागे सुरू झालं, टक, टक, टक. कुणी बोटाच्या पेरानं डिकी वाजवावी तसं. गाडी थांबली की थांबायचं. चालली की सुरू.

चंद्रानं मागे वळून पाहिलं नाही. तिनं मधल्या मोकळ्या जागेकडेही पाहिलं नाही. तिनं गळ्यातला टाक मुठीत धरला, आणि धरताच तिला सुचलं की आपण कुणापासून वाचायला कुणाला धरलंय. तिनं मूठ सोडली.

"वाजतंय काय ता?" पुढून आनंदीबाईनं विचारलं.

"पाय सुटलाय परत," महादू म्हणाला.

"त्योच?"

"त्योच."

म्हातारीनं वळून मागच्या काचेकडे बघितलं. मग म्हणाली, "तुळजाला पसंत न्हाय."

घरी आल्यावर तिनं गाडीवरून नारळ ओवाळला आणि कुंपणाबाहेर फोडला. ठकुबाईनं मिरच्या-लिंबू बांधायला सांगितलं, तेही बांधलं. महादूनं तिसऱ्यांदा पट्टी लावली. कावळा बसायला आणि फांदी मोडायला म्हणावं, तर कावळा एकदा बसतो, दोनदा बसतो. तिसऱ्या खेपेलाही उजवाच पाय उचलला, आणि त्याच्या खाली, दवात, ती अर्धी करंगळी.

महादू ओसरीच्या पायरीवर बसला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. असलाच तर एक विचित्र निवांतपणा होता, आणि तो चंद्राला रागापेक्षा जास्त बोचला.

"राहू दे," तो म्हणाला. "काढून टाकतंव. तिच्या मनात न्हाय."

तिच्या मनात. लग्न झाल्यापासून तुळजाविषयी महादूनं काढलेला हा पहिला शब्द. आणि चंद्राच्या मनात काय आहे ते त्यानं आजवर एकदाही विचारलं नव्हतं. तो हातपाय धुऊन पारावर निघून गेला. म्हातारी ठकुबाईकडे गेली. घरात कुणी नव्हतं.

एक गोष्ट सांगायची राहिली. लग्नाआधी चंद्रा भिवंडीत एका कारखान्यात कापड तपासायला होती. लूमवरून उतरलेल्या कोऱ्या कापडावर तेलाचे डाग असतात, ते शोधायचे आणि काढायचे हेच तिचं काम. डाग पेट्रोलनं भिजवायचा, वर खडूची पूड दाबायची, तेल पुडीत उतरलं की झटकायचं. साबणानं तेल हलत नाही, नुसतं पसरतं. गाडीवरचा हात म्हणजे काय ते तिला पहिल्या आठवड्यातच उमगलं होतं. इतके दिवस कुणी न पुसलेलं तेल, उन्हानं रंगात मुरलेलं. त्यावर दव धरत नाही आणि पट्टीही धरत नाही. भूत नाही, काही नाही.

हे माहीत असूनही तिला भीती वाटत होती, हीच तर खरी गंमत. रोज पहाटे तिला कळायचं की हे तेल आहे, आणि रोज पहाटे तिच्या अंगावर काटा यायचा. आणि माहीत असूनही तिनं फडक्याला हात लावला नव्हता. पुसणं म्हणजे काय करणं, हेही तिला माहीत होतं.

आज तिनं लावला. महादूच्या डब्यातलं थोडं पेट्रोल, खुणा करायचा खडू पाट्यावर कुटून, आणि जुन्या लुगड्याचा तुकडा. आधी तळवा. मग अंगठा. मग एकेक बोट. पूड पिवळी पडत गेली. करंगळी तिनं शेवटी ठेवली होती, का ते तिलाही सांगता आलं नसतं. त्या अर्ध्या बोटाशी येऊन तिचा हात थांबला. बिचारीचं पेर कारखान्यात गेलं, आपण राबलो तसल्याच एकात. आपण दोघी एका पाळीला असतो तर डबा वाटून खाल्ला असता, असं काहीतरी तिच्या मनात आलं. मग तिनं डोळे मिटले आणि पुसलं.

उरलेली पट्टी लावून तिनं उजवा पाय एकटीनं दाबून बसवला. तुकडा आणि पूड चुलीत घातली. पेट्रोलचा भपका उठला आणि ज्वाळ हातभर वर आली.

या खेपेला पाय हलला नाही. पोरांनी लोंबकळून बघितलं असतं तरी हलला नसता. गाडी पळवली तरी टकटक नाही. आनंदीबाई म्हणाली, नारळ पावला. पाय आपसूक बसला असं समजून महादूनं डिकीवर झेंडूचं फूल ठेवलं आणि हळूच म्हणाला, "मानलीन एकदाची." दिवसभर तो हसत होता. चंद्रानं त्या दिवशी गोडाचं केलं, पण तिचा स्वतःचा घास फिरत राहिला.

दुसऱ्या पहाटे दव पडलं. सारी गाडी पांढुरकी. डिकी पांढुरकी. कुठं निळा ठिपका नाही.

महादू फडकं घेऊन आला. टप पुसला, काच पुसली, डिकीशी आला आणि उभा राहिला. पायाच्या या बाजूनं बघितलं, त्या बाजूनं बघितलं. मग फडकं खांद्यावर टाकून तो वाकला आणि पत्र्यावर तोंडाची वाफ सोडली. हा... पत्रा धुरकटला, निवळला. तो बोटभर सरकला. हा... पुन्हा सरकला. असा तो अख्ख्या उजव्या अंगावर श्वास टाकत गेला. हात कुठंच उमटला नाही.

खिडकीत उभ्या चंद्राची तव्यावरची भाकरी करपली.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. पण रोज पहाटे तो बाहेर यायचा, वाकायचा आणि पत्र्यावर श्वास टाकायचा. कधी दुपारीही, कामावरून आला की आधी डिकीशी. त्याचं जेवण उतरलं. म्हातारी म्हणू लागली, लेकाला काही बाधलंय, भगताला दाखवायला हवं. हात होता तेव्हा घरात एक मेलेली बाई होती. आता हात नव्हता, तर ती सगळीकडे होती. चंद्रा पीठ मळायची आणि परातीत उमटलेली आपलीच बोटं मोजायची. आरशावर वाफ धरली की तिला बघवत नसे. मागच्या सीटवर बसली की मानेमागच्या शांततेकडे तिचे कान लागायचे. ती टकटक पुन्हा ऐकू यावी असं तिला वाटू लागलं. मेलेल्या बाईला मारलं म्हणून कुणी पाप लावत नाही. पण चंद्राला ते लागलं होतं.

शेवटी तिनं ठरवलं. नवऱ्याला तो हात परत द्यायचा.

झुंजुमुंजु होताना ती वाटीत तेल घेऊन बाहेर आली. डिकीवरचं दव पदरानं टिपलं. उजव्या तळव्याला तेल चोपडलं, करंगळी पेरात दुमडून घट्ट धरली, आणि स्पॉयलरच्या पायाशेजारी हात दाबला. जुन्या जागी पाय होता, म्हणून दोन बोटं अलीकडे. मेलेल्या माणसानं हात जरा सरकवून ठेवू नये असं कुणी सांगितलंय, अशी तिनं स्वतःची समजूत घातली. पत्रा बर्फासारखा गार होता. तिनं दहा वेळा मनात म्हटलं, ये. पुढ्यात कुणी यावं म्हणून तिनं आयुष्यात पहिल्यांदाच हाक मारली होती, आणि तीही सवतीला.

टिपलेल्या पत्र्यावर पुन्हा दव धरलं. हात उघडा पडला. चार बोटं पुरी, एक अर्धं.

महादू आला. टप न पुसता तो थेट डिकीशी गेला आणि थबकला. चंद्रा खिडकीशी.

तो हसला नाही. त्यानं फूल आणलं नाही. तो बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं आपला हात त्या हातावर धरला, पत्र्याला न टेकवता, वरचेवर, माप घ्यावं तसा. आणि मान न वळवता हाक मारली, "चंद्रा."

नाव ऐकून तिनं खिडकी सोडली. ती बाहेर आली. तिच्या तळव्याचं तेल अजून चमकत होतं. लपवायचं तिला सुचलंही नाही.

"तुळजाचा हात एवढा मोठा नव्हता," तो म्हणाला. "लहान पोरीसारा होता."

चंद्राच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"पुसलास तू?"

"हां."

"कवा?"

"तिच्या मनात न्हाय म्हनलात ना, तवा." मग तिला राहवलं नाही. "मना पन हात हायेत हो! मी बी या घरात जितीजागती हाय."

महादूनं खाली बघितलं. त्याचा जबडा हलत होता. त्याला रडू येत होतं की राग, हे तिला कळेना, बहुतेक त्यालाही कळत नव्हतं. ओसरीवर आनंदीबाई येऊन उभी होती.

त्यानं खांद्यावरचं फडकं काढलं आणि डिकी पुसली. या खेपेला भोवतीनं नाही. एका दमात, या टोकापासून त्या टोकापर्यंत. चंद्राला वाटलं, संपलं. आता तो मला माहेरी नेऊन सोडणार.

तो घरात गेला आणि देवापुढची कुंकवाची करंडी घेऊन आला. तिच्या वाटीतल्या तेलात त्यानं चिमूट सोडली, बोटानं कालवली आणि वाटी तिच्यापुढं धरली.

"तुना बोटां किती?"

"पाच," चंद्रा म्हणाली.

"मंग पाची उमटव."